माफी आणि बाकी

बालाघाटाच्या डोंगरात पाटोदे तालुक्यात उगम पावून पूर्वेकडे वाहत जाणारी मांजरा नदी केज तालुक्याच्या दक्षिण अंगाला ज्या काळ्या, कसदार जमिनीतून जाते, त्या मुलखात युसूफ वडगाव हे गाव आहे. वडगाव नावाची गावे मराठवाड्यात इतकी आहेत की, नुसते वडगाव लिहून टाकलेले पत्र ठिकाणी पोहोचेल याची हमी टपालखातेही देणार नाही. त्या गर्दीत हे वडगाव युसूफ या नावाने वेगळे राहिले. यादवांचे राज्य बुडाल्यावर खिलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि अखेरीस आसफजाही अशा एकामागून एक दरबारांचे अंमल या खोऱ्यावर झाले. गावाचा हिशेब कुलकर्ण्याच्या मोडीत आणि वरच्या कचेरीचा फारसीत, १८८४ नंतर उर्दूत, अशी दुहेरी लिखापढी येथे दीर्घकाळ चालली. जमा, खर्च आणि बाकी या तीन रकान्यांत रयतेचे सारे वर्ष मावत असे. त्यांपैकी सरकारची बाकी एखाद्या दुष्काळी साली हुजुरातून सूटही होई, परंतु सावकाराची किंवा शेजाऱ्याची बाकी सरकारी सुटीने कधी फिटत नसे. इस्लामी धर्मविचारात पश्चात्तापाची, म्हणजे तौबेची, जी मांडणी आहे तिच्यात हा भेद फार काटेकोरपणे पाळलेला आढळतो, आणि दख्खनच्या इतिहासात त्या मांडणीची जी प्रत्यक्ष उदाहरणे घडली ती बीडपासून खुलदाबादपर्यंतच्या पट्ट्यात पाहावयास मिळतात.

युसूफ हे नाव ज्या प्रेषितावरून आले त्याची कथा कुराणाच्या बाराव्या अध्यायात सलग एकशे अकरा आयतांत सांगितली आहे. एका प्रेषिताचे सबंध चरित्र एकाच अध्यायात इतक्या क्रमाने सांगितल्याचे दुसरे उदाहरण त्या ग्रंथात नाही. मत्सराने पेटलेल्या भावांनी त्याला विहिरीत टाकले, काफिल्याने त्याला उचलून मिसर देशात विकले, खोट्या आरोपावरून तो बंदिवासात पडला, आणि पुढे राजाच्या स्वप्नाचा अर्थ उलगडल्यामुळे त्याच देशाच्या धान्यकोठारांचा मुखत्यार झाला. दुष्काळ पडला तेव्हा ते भाऊ धान्यासाठी त्याच्याच दारात येऊन उभे राहिले. (दुष्काळात पोटासाठी परमुलखाची वाट धरणे म्हणजे काय, हे बीडच्या वाचकाला भाष्यकाराने समजावून सांगण्याची गरज नाही.) युसूफाने ओळख दिली, भावांनी अपराध कबूल केला, आणि आज तुमच्यावर कोणताही ठपका नाही अशा आशयाचे बोलून त्याने त्यांना मोकळे केले. इसवी सन ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर, ज्या कुरैशांनी वर्षानुवर्षे छळ केला होता त्यांना समोर उभे करून प्रेषित महंमदांनी युसूफाच्या याच उद्गारांचा आधार घेत अभय दिले, असे परंपरा सांगते.

या कथेच्या शेवटी एक प्रसंग आहे, तो वरवर वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. भाऊ पित्याकडे, याकूबाकडे, येतात आणि आमच्यासाठी ईश्वराकडे क्षमा माग अशी विनवणी करतात. याकूब नकार देत नाही, पण लागलीच हातही उचलत नाही. पुढे मागेन, एवढेच म्हणतो. हा विलंब कशासाठी, याचा खल भाष्यकारांनी पुष्कळ केला आहे. रात्रीच्या अखेरच्या प्रहरी प्रार्थना विशेष फळते म्हणून तो थांबला, असे पुष्कळांचे मत; परंतु आरंभीच्या काळातील शाबी या विद्वानाच्या नावावर असलेले मत असे की, ज्याच्यावर अन्याय झाला त्या युसूफाने माफ केले आहे की नाही हे विचारल्यावाचून ईश्वराकडे शब्द टाकणे याकूबाला प्रशस्त वाटले नाही. मला हे दुसरे मत अधिक भावते, आणि पुढे जे लिहावयाचे आहे त्याची सारी वाट या एका मतातून निघते.

ईश्वरी क्षमेच्या विस्ताराविषयी इस्लामी परंपरेत संकोच नाही. कुराणाच्या एकशे चौदा अध्यायांपैकी एकशे तेरांचा प्रारंभ कृपाळू, दयाळू परमेश्वराच्या नावाने होतो. स्वतःच्या जिवावर अत्याचार केलेल्यांनीही कृपेविषयी निराश होऊ नये, ही ग्वाही त्यात आहे. आदम आणि त्याची पत्नी चुकली, त्यांना पश्चात्तापाचे शब्द ईश्वरानेच शिकवले आणि मग तेच शब्द त्याने स्वीकारले, असे तेथे सांगितले आहे. नामघोषावाचून सुरू होणारा जो एकमेव अध्याय, नववा, त्याचे नाव मात्र अत्-तौबा असे असावे, हा योग विलक्षण खरा. त्याच अध्यायात तबूकच्या स्वारीला न जाता घरी राहिलेल्या तिघांचा उल्लेख येतो. काब बिन मालिक हा त्यांतील एक, आणि तो कवी होता. या तिघांखेरीज इतरांनी सबबी सांगून सुटका करून घेतली; काबने सबब सांगितली नाही, आळस झाला हे कबूल केले, आणि त्याचे फळ म्हणून पन्नास दिवस मदिनेत कोणी त्याच्याशी बोलेना. पन्नासाव्या दिवशी क्षमेची वार्ता आली तेव्हा ती सांगणाऱ्याला त्याने अंगावरची वस्त्रे काढून दिली. खोटे बोलून सुटलेल्यांच्या वाट्याला असा दिवस आला नाही, हेही त्या वृत्तांतातून उघड होते.

पुढे शास्त्रकारांनी या भावनेला नियमांत बसवले. इमाम गझाली (मृत्यू ११११) याने आपल्या महाग्रंथाच्या चौथ्या आणि अखेरच्या विभागाचा आरंभच तौबेच्या प्रकरणाने केला. पापाचे ज्ञान, त्यातून येणारी मनाची जळजळ, आणि त्या जळजळीतून जन्मणारा निश्चय अशी त्याने तौबेची साखळी लावली. इमाम नववी याने तेराव्या शतकात त्याचा व्यवहारी मसुदा केला: पाप सोडावे, खेद वाटावा, पुन्हा न करण्याचा निश्चय व्हावा; आणि अपराध जर माणसाचा असेल, तर चौथी अट अशी की, ज्याचे घेतले त्याला ते परत करावे किंवा त्याची माफी मिळवावी. ईश्वराचे हक्क आणि बंद्यांचे हक्क अशी ही दोन खाती आहेत. पहिल्या खात्याचा धनी उदार आहे, तो केव्हाही फारखत लिहून देईल. दुसऱ्या खात्याच्या फारखतीवर सही करण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे ठेवलेला नाही, तो ज्याचे देणे त्याच्याकडे दिला आहे.

हा नियम कोरडा राहू नये म्हणून परंपरेने त्याच्याभोवती प्रसंग जपले. कर्ज न फेडता मेलेल्या एका माणसाची प्रेत-नमाज प्रेषितांनी स्वतः पढण्याचे नाकारले, आणि अबू कतादा या सहकाऱ्याने ते कर्ज आपल्या अंगावर घेतल्यावरच ते पुढे झाले. दुसऱ्या एका प्रसंगी त्यांनी सोबत्यांना दिवाळखोर कोण असे विचारले. ज्याच्याकडे पैसा नाही तो, असे उत्तर आले. त्यावर त्यांनी सांगितले की, जो निवाड्याच्या दिवशी नमाज, रोजे आणि दानधर्म घेऊन येईल, पण ज्याने कोणाला शिवी दिली, कोणाचा पैसा खाल्ला, कोणाला मारले, आणि म्हणून ज्याचे सारे पुण्य त्या धनकोंना वाटता वाटता संपून जाईल, तो खरा दिवाळखोर. नव्व्याण्णव खून करून शंभरावा खून तौबा अशक्य म्हणणाऱ्या बैराग्याचा करणारा, मग एका जाणत्याच्या सांगण्यावरून चांगल्या माणसांच्या गावाकडे निघालेला आणि वाटेतच मेलेला तो प्रसिद्ध अपराधी या नियमाला अपवाद वाटेल. फरिश्त्यांनी दोन्ही गावांचे अंतर मोजले, तो नव्या गावाला किंचित जवळ भरला आणि त्याला क्षमा झाली. मग त्या शंभरांच्या हक्काचे काय, ही शंका वाचकाच्याही आधी भाष्यकारांना आली होती. इब्न हजर याने ती अशी सोडवली की, खुन्याची तौबा ईश्वराने स्वीकारली तर त्याच्या फिर्यादींना संतुष्ट करण्याची जबाबदारीही ईश्वर आपल्याकडे घेतो. म्हणजे फिर्याद बुडत नाही. जामीन तेवढा बदलतो.

ही सारी शास्त्रचर्चा दख्खनमध्ये कोणत्या पावलांनी आली, हे पाहू गेल्यास १३२७ च्या सुमारास मुहंमद तुघलकाने दिल्लीची वस्ती देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, हलवली त्या घटनेपर्यंत मागे जावे लागते. हा सुलतान वरंगळकडून परतताना बीडनजीक त्याचा एक दात पडला आणि त्या दातावर त्याने घुमट बांधविला, असे फिरिश्ता लिहितो. स्वतःच्या दाताचा एवढा सन्मान करणाऱ्या या माणसाने हजारो कुटुंबांची घरे उठवल्याबद्दल कोणापाशी क्षमा मागितल्याचे मात्र इतिहासाला ठाऊक नाही. त्या सक्तीच्या काफिल्यांतून दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियाचे शिष्य दक्षिणेत उतरले आणि दौलताबादच्या किल्ल्याजवळच्या पठारावर, पुढे ज्याला खुलदाबाद हे नाव मिळाले त्या जागी, चिश्ती पंथाचे एक थोर ठाणे उभे राहिले. त्याचा मूळपुरुष बुर्हानुद्दीन गरीब. तो १३३७ मध्ये तेथेच वारला. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीकाठच्या आपल्या नगराला बुर्हाणपूर हे नाव त्याच्यावरूनच दिले.

हा बुर्हानुद्दीन स्वतः एकदा गुरूच्या क्षमेला पारखा झाला होता. चौदाव्या शतकातील चरित्रकार अमीर खुर्द याने ती हकीकत लिहून ठेवली आहे. वार्धक्याने बसणे कठीण झाले म्हणून बुर्हानुद्दीन एक घोंगडी दुमडून तिच्यावर बसू लागला. चहाडखोरांनी ही गोष्ट निजामुद्दीनाच्या कानी अशा रीतीने घातली की, शिष्य आता गादीवर टेकून पीराचा थाट करू लागला आहे असा समज व्हावा. पुढच्या भेटीत गुरू त्याच्याशी बोलला नाही. खानकाह, म्हणजे सूफी मठ, सोडण्याचा निरोप मात्र आला. बुर्हानुद्दीन घरी जाऊन असा रडत बसला की, शहरातील लोक समाचाराला येऊ लागले. अखेर अमीर खुस्रौ, ज्याच्या शब्दाला गुरूपाशी मान होता, तो गळ्यात स्वतःचीच पगडी गुंडाळून, म्हणजे धरून आणलेल्या अपराध्याच्या वेषात, गुरूसमोर उभा राहिला. काय आहे असे विचारल्यावर, बुर्हानुद्दीनाच्या गुन्ह्याची माफी हवी, असे त्याने सांगितले. मग दोघांच्याही गळ्यांत पगड्या, असे ते गुरूच्या पायाशी गेले आणि क्षमा झाली. गुन्हा काय तर दुमडलेली घोंगडी. पण ज्या माणसाने पुढे शेकडो लोकांची तौबा आपल्या हाताने घेतली त्याला माफी मागणाऱ्याच्या जागी बसून काय वाटते हे आधी अनुभवावे लागले, ही गोष्ट मला त्या चरित्रातील अनेक चमत्कारांहून मोलाची वाटते.

खुलदाबादच्या भूमीत विसावलेला दुसरा पुरुष म्हणजे अमीर हसन सिजझी. हा कवी, खुस्रौचा मित्र, बल्बनच्या पुत्राच्या मुलतानातील दरबारी राहिलेला; ऐन पन्नाशी ओलांडल्यावर त्याने निजामुद्दीनापाशी तौबा केली. तलावाकाठी मित्रांसह मद्य पीत असता गुरू तेथून गेला, हसनाने तुमच्या वैराग्याने आमचे व्यसन काही सुटले नाही अशा अर्थाची थट्टा केली, आणि संगतीचा परिणाम होत असतो एवढ्याच उत्तराने त्याचे अंतःकरण हलले, अशी कथा दोनएकशे वर्षांनंतरच्या जमाली नावाच्या चरित्रकाराने सांगितली आहे. कथेत कवीला शोभेल अशी सजावट आहे, तीवर फार भार टाकू नये. परंतु हसनाने जे स्वतः लिहून ठेवले त्यावर भार टाकता येतो. १३०८ च्या जानेवारीपासून १३२२ पर्यंत गुरूच्या बैठकींत जे ऐकले ते त्याने ‘फवाइदुल फुआद’ या ग्रंथात टिपून ठेवले, आणि हिंदुस्थानातील सूफी संभाषणग्रंथांचा तो आदर्श ठरला. त्यातील अगदी पहिल्याच बैठकीचा विषय तौबा हाच आहे. कधीही पाप न केलेला साधुपुरुष आणि पाप करून परतलेला पश्चात्तप्त, हे दोघे बरोबरीचे, असे गुरूने सांगितले. कारण ज्याने पापाची गोडी चाखली आहे आणि तरी ते टाकले, त्याला आज्ञापालनाची गोडीही अधिक कळते. उतारवयात मद्याचा पेला खाली ठेवून आलेल्या कवीला पहिल्या दिवशी हे ऐकावयास मिळाले, यात गुरूचे चातुर्य होते की कारुण्य, हे ठरविण्याची आवश्यकता नाही.

खानकाहीत तौबा घेण्याचा एक विधी होता. मुरीद, म्हणजे शिष्य, होऊ इच्छिणाऱ्याने पीराच्या हातात हात द्यावा, गतपापांचा त्याग केल्याचे शब्द उच्चारावे, मग पीराने कात्रीने त्याच्या केसांची एक बट कापावी आणि मस्तकी टोपी ठेवावी. दौलताबादच्या छावणीतील शिपाई, कारकून, सौदागर असे नाना प्रकारचे लोक हा हात धरावयास येत. ज्या गुरुपरंपरेत ते सामील होत तिची नामावळी पाठ म्हटली जाई, आणि तिच्यात प्रेषितांपासून चौथ्या-पाचव्या स्थानी फुझैल बिन इयाझ हे नाव येई. हा फुझैल (मृत्यू ८०३) पूर्वी खुरासानातील वाटमाऱ्या होता. एका रात्री भिंत चढत असता श्रद्धावंतांची अंतःकरणे नम्र होण्याची वेळ अजून आली नाही काय, अशा आशयाची आयत कोणी पढत असल्याचे त्याच्या कानी पडले. आली, असे म्हणून तो परत फिरला. वाल्या कोळ्याच्या कथेवर वाढलेल्या मराठी मनाला येथवर सारे ओळखीचे वाटेल. परंतु फुझैलाच्या चरित्रकारांनी वारूळ वाढू दिले नाही. त्याला त्यांनी लुटलेल्या लोकांच्या दारोदार पाठवले, एकेकाचे देणे फेडून वा त्याची समजूत घालून यावयास लावले, आणि मगच संतपद दिले. नारदाने वाल्याला विचारलेला प्रश्न होता, या पापाचा वाटेकरी कोण. फुझैलाला विचारलेला प्रश्न होता, या पापाचा धनको कोण. दोन्ही प्रश्न थोर आहेत, पण ते एक नव्हेत.

याच खुलदाबादेत, बुर्हानुद्दीनाचा वारस जैनुद्दीन शिराझी याच्या दर्ग्याच्या आवारात, एका छत्र नसलेल्या थडग्यात औरंगजेब पडला आहे. १७०७ च्या मार्चात अहमदनगरला मरण येण्यापूर्वी त्याने आझम आणि कामबक्ष या मुलांना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. पापांचे ओझे घेऊन जात असल्याची आणि पुढे कोणती शिक्षा वाट पाहत आहे हे न कळल्याची भीती त्यांत आहे. टोप्या शिवून मिळविलेले चार रुपये दोन आणे कफनास लावावे, आणि कुराणाच्या नकला करून मिळविलेले तीनशे पाच रुपये फकिरांना वाटावे, असे त्याच्या नावावरील मृत्युपत्रात नमूद आहे. ईश्वराच्या खात्यात हा बादशहा दमडीचाही हिशेब चुकू देणारा नव्हता, हे मान्यच केले पाहिजे. दुसऱ्या खात्याचे काय, हे पाहावयाचे तर १६६१ सालच्या ग्वाल्हेरला जावे लागते. भाऊ मुराद तेथे कैदेत होता. त्याला नाहीसा करणे दरबाराला हवे होते, पण शरीयतीचे निमित्त हवे होते. मुरादाने गुजरातेत अली नकी नावाच्या दिवाणाचा खून केला होता. खुनाबद्दल सूड मागावा की क्षमा करावी हा हक्क मृताच्या वारसांचा; म्हणून अली नकीच्या मुलांना पुढे करण्यात आले. थोरल्याने सूड मागण्याचे नाकारले. दुसऱ्याने दावा लावला, काझीने निवाडा दिला, आणि मुरादाचे डोके उडविले गेले. क्षमा करणारा थोरला मुलगा बादशहाच्या मर्जीस उतरला, असे खाफी खान लिहितो. मात्र त्या क्षमेचा मुरादाला काही उपयोग झाला नाही. दयेचा जो दरवाजा शास्त्राने वारसाच्या हाती दिला होता, त्याची किल्ली येथे राज्ययंत्राने वापरली. आग्र्याच्या किल्ल्यात आठ वर्षे कोंडलेला बाप आणि मारलेले भाऊ या धनकोंपैकी कोणीही १७०७ साली माफी लिहून देण्यासाठी जिवंत नव्हते, आणि त्या अखेरच्या पत्रांतील भयाचे मूळ मला टोप्यांच्या हिशेबात नव्हे, तर या न मिळालेल्या फारखतीत दिसते.

बीडच्या मुलखाकडे परत येताना शेख महंमदांना ओलांडून जाता येत नाही. धारूरशी ज्यांच्या घराण्याचा संबंध सांगितला जातो आणि श्रीगोंद्यास ज्यांनी आयुष्य घालवले, त्या कादिरी सूफी परंपरेतील संतकवीने सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ मराठीत रचला. शत्रू बाहेर नसून अंतरी आहे, आणि अहंकार व षड्रिपू यांच्याशी आत्म्याने झुंज द्यावयाची आहे, हा त्याचा विषय. सूफींनी नफ्साशी केलेला संग्राम आणि वारकऱ्यांचा अनुताप हे दोन्ही प्रवाह येथे एका मराठी ओवीत आले. मालोजी भोसले यांच्यासारखे सरदार त्यांना गुरुस्थानी मानीत. वारकरी दिंड्यांत आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

ग्रंथांतून आणि दर्ग्यांतून हा विचार गावात कसा उतरला, हे मात्र रीतिरिवाजांतच पाहावे लागते. मांजराकाठच्या गावांत मुसलमान घरे थोडी. मुलाणी, तांबोळी, पिंजारी, आतार अशी बहुधा व्यवसायावरून ओळखली जाणारी, आणि मुलाणी तर बलुतेदारांच्या यादीतलाच. शाबान महिन्याच्या पंधराव्या रात्री, शब-ए-बरातीला, घरोघर हलवा होतो, फातेहा पढला जातो, पुरुष कब्रस्तानात जाऊन वाडवडिलांच्या कबरींवर दिवे लावतात. वर्षभराचा निवाडा या रात्री लिहिला जातो आणि क्षमेची खैरात होते, ही श्रद्धा. तिच्या शास्त्राधाराविषयी मौलवींत मतभेद आहेत, आणि नव्या वळणाच्या मंडळींना दिवे व हलवा दोन्ही मान्य नाहीत. पण त्या रात्रीच्या माहात्म्याच्या ज्या हदीसा सांगितल्या जातात त्यांतच एक अपवाद नोंदलेला आहे: मनात वैर धरून बसणाऱ्याला त्या सार्वत्रिक माफीतून वगळले आहे. म्हणून शब-ए-बरातीच्या आधी रुसलेले भाऊ एकमेकांच्या दारी जातात. हजला निघालेला माणूस तर साऱ्या गावाला भेटतो. हिंदू शेजाऱ्यांच्या ओट्यावरही जातो, कमीजास्त बोललो असेन तर माफ करा म्हणतो, आणि उधारी असेल तर फेडून मगच रेल्वे गाठतो.

सर्वांत गंभीर प्रसंग अर्थात प्रेतयात्रेचा. जनाजा ठेवला की नमाजेपूर्वी मुलगा किंवा भाऊ पुढे होऊन विचारतो: मरहूमाकडे कोणाचे काही देणे असेल तर आम्हाला सांगा, आम्ही देऊ, नाहीतर अल्लाहसाठी माफ करा. अबू कतादा याने मदिनेत जे केले त्याची ही खेड्यातली आवृत्ती होय. परंतु याच वेळी घराच्या आत एक दुसरा विधी चालत असे आणि अनेक ठिकाणी अजूनही चालतो, त्याच्याविषयी मात्र इतक्या समाधानाने लिहिता येत नाही. नवऱ्याचे प्रेत उचलण्यापूर्वी विधवेला बायका म्हणतात, मेहर माफ कर. निकाहात ठरलेली मेहर ही पत्नीची रक्कम. ती फेडलेली नसेल तर शास्त्राने ते नवऱ्यावरचे कर्ज, आणि वारसांची वाटणी होण्याआधी इतर कर्जांबरोबर ते फेडले पाहिजे. प्रिव्ही कौन्सिलनेही १९१६ मध्ये हेच सांगितले. पण जी बाई दुःखाने भान हरपून बसली आहे, जिच्याभोवती सासरची माणसे उभी आहेत आणि जिला माफ केले नाही तर मेलेल्याचा आत्मा अडकेल असे सांगितले जात आहे, ती माफ केले म्हणते तेव्हा त्या शब्दाला माफी म्हणावयाचे तरी कसे? कलकत्ता उच्च न्यायालयाने १९२० मध्ये नवऱ्याच्या मृत्यूने व्याकूळ अवस्थेत सोडलेली मेहर बंधनकारक मानली नाही. खुशीची संमती नाही ती माफी नाही, हे त्यामागचे तत्त्व. ज्या धर्माने धनकोच्या हक्काला एवढे जपले, त्याच्याच अनुयायांच्या घरात सर्वांत दुबळ्या धनकोकडून फारखत अशी काढून घेतली जावी, हा रिवाजाचा शास्त्रावरील अन्याय आहे, आणि त्याला दुसरे नाव देण्याचे कारण नाही.

याहून मोठी एक बाकी या प्रदेशाच्या अंगावर आहे. १९४७-४८ मध्ये लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी मराठवाड्यातील गावांवर जे अत्याचार केले, त्यांच्या झळा मांजरेच्या दोन्ही तीरांना लागल्या. त्यांचा धिक्कार करणारा तरुण मुसलमान संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत मारला गेला. सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर पारडे उलटले आणि सूडाची लाट निरपराध मुसलमान वस्त्यांवर कोसळली. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या सदिच्छा मंडळाने त्या वर्षाच्या अखेरीस दौरा करून जो अहवाल दिल्लीला दिला, त्यात हैदराबाद संस्थानभर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक पोळलेले, आणि बीडही त्या आगीबाहेर राहिले नव्हते. प्राण धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची उदाहरणेही त्यात नोंदलेली होती. तो अहवाल अनेक दशके दप्तरात बांधून राहिला, आणि त्यामुळे ना रझाकारांच्या अपराधांची, ना त्यानंतरच्या अपराधांची गावागावांत उघड कबुली झाली. काब बिन मालिकाने पन्नास दिवस जे सोसले ते कोणाच्याच वाट्याला आले नाही.

अशा बाकीविषयी गझालीच्या प्रकरणात एक नियम आहे. ज्याचे घेतले तो मेला असेल तर त्याच्या वारसाला द्यावे. वारस सापडत नसेल तर त्याच्या नावाने दान करावे. आणि वस्तू नसून इज्जत घेतली असेल तर त्याच्यासाठी सत्कर्मे करीत राहावे. यांतली दुसरी तरतूद परागंदा झालेल्यांसाठी आहे. मांजरेच्या खोऱ्यात मात्र रझाकारांनी जाळलेल्या घरांचे वारस आणि सप्टेंबरानंतर लुटलेल्या घरांचे वारस बव्हंशी अजून गावातच राहतात, एकाच बाजाराला जातात, आणि त्यांच्या वडिलांची नावे तलाठ्याच्या फेरफारात एका पानाआड एक नोंदलेली आहेत.